शनिवारी बाहेर जेवायचं

वन्सं,

भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. परवा शेजारच्या काकू आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नणंद-भावजयीची अशी माया आम्ही कुठं पाहिली नाही." मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आपण दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला.

माझा तेव्हा तुमच्यावर राग नव्हता. भीती होती. तुमचे आई-वडील पाथर्डीकडून दरसाल ऊसतोडीला जायचे आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला तुम्ही सांभाळायचात. खरं तर तुम्हालाच कुणीतरी सांभाळावं, असं तुमचं वय होतं. पुढे शिकलात, भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून झालात, अशोकला शिकवलंत. स्वतःचं लग्न राहून गेलं की तुम्ही राहू दिलंत, हे मी कधी विचारलं नाही. आणि मग त्या भावाच्या घरात मी आले, जिल्हा परिषदेची शिक्षिका, पुण्याकडचं बोलणारी. तुम्ही सणाला यायचात, त्याला जेवताना बघायचात आणि शेवटच्या रिक्षेने भिंगारला परत जायचात. मला वाटायचं, तुम्ही माझ्या भाकरीची जाडी मोजताय.

हे गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता आपल्यातलं नातंही संपलं. तुम्ही दिवस होईपर्यंत रोज आलात, कोपऱ्यात बसलात, एकदाही मोठ्याने रडला नाहीत.

मग तो शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी बाराच्या आत मी घरी. ओट्यापाशी उभी राहून कालची पोळी चहात बुडवून खात होते. दार उघडंच होतं. तुम्ही आत आलात आणि माझ्याकडे बघत राहिलात.

"जेवतीस व्हय हे?"

"भूक नाही फारशी."

"आणि उभ्यानं?"

"एकटीसाठी काय ताट वाढायचं, वन्सं."

तुम्ही माझ्या हातातला कप काढून घेतलात. "साडी बदल. बाहीर जेवाया जायचं."

"अजून वर्षश्राद्ध झालं नाही. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी जेवायचं सोडलंय का? त्यांनी सोडलं की आपुनबी सोडू."

भिंगारला, छावणीच्या रस्त्यावर, एक निवृत्त पंजाबी हवालदार राजमा-चावल विकायचा. चार बाकडी, सगळी पुरुषांनी भरलेली. आपण दोघी दारात उभ्या. त्याने विचारलं, "पार्सल?" तुम्ही म्हणालात, "बैठके खायेंगे." त्याने शेजारच्या खोलीकडे बोट केलं, "फॅमिली उधर." तिथे गॅसच्या टाक्या आणि एक कूलर ठेवलेला होता. तुम्ही म्हणालात, "फॅमिलीच हाय आमी. पन हितंच बसनार, हितं पंखा हाय." आणि एका जवानाला हाताने सरकायची खूण केलीत. तो सरकला. माझी मान वर होत नव्हती. पण राजमा इतका मऊ शिजला होता आणि वर तुपाची अशी धार होती, की थोड्या वेळाने मी भातच बघत होते, माणसं दिसेनाशी झाली.

परतताना तुम्ही सांगितलंत, नोकरीभर तुम्ही गार डबा खाल्ला. त्याआधी फडावर गार भाकरी. स्टोअरमध्ये दुपारी सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडायचे, कुणी केरळचा, कुणी बंगालचा, कुणी पंजाबचा, एकेक घास इकडून तिकडे जायचा, आणि प्रत्येक जण म्हणायचा, हे गरम खायला पाहिजे, गरम खाल तेव्हा कळेल. "मला एकेक करून समदं गरम खायचंय," तुम्ही म्हणालात. "एकटीला जायला बरं न्हाई वाटत. तू येत जा."

म्हणजे मी तुमच्यावर उपकार करत होते, अशी समजूत तुम्ही करून दिलीत. मला ती खरी वाटली. फार उशिरा कळलं की पेन्शनीत आल्यापासून तुमचं एकटीचं अर्धं नगर खाऊन झालं होतं. घरीच जेवण घालणाऱ्या मार्थाबाई एकदा बोलून गेल्या.

आपण दर शनिवारी निघू लागलो. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचात, आणि लागोपाठ एका जागी जायचं नाही हा तुमचा नियम. जुन्या बाजारातली ती खानावळ, जिथे दालचा-खुष्का, म्हणजे मटणाची डाळ आणि मोकळा भात, मिळायचा आणि चाचा माझ्यासाठी आठवणीने साधी डाळ वेगळी काढायचे, कारण मी शनिवार पाळते. तुम्ही पाळत नव्हतात. "देव माझ्या ताटात कशाला बघंल, त्याला लई कामं हायेत," असं म्हणून तुम्ही नळी फोडायचात. सिंधी बाईंची दाल-पकवान. कोर्टाजवळची थाळी, जिथे वकील आणि पक्षकार एकाच टेबलावर बसतात आणि कोण जिंकलं ते जेवणावरून कळतं, असं तुमचं म्हणणं. एकदा शिंगणापूरला गेलो, दर्शनाची रांग बघून तुम्ही बाहेरूनच हात जोडलेत आणि मला एका राजस्थानी माणसाच्या तंबूत दाल-बाटी खायला नेलंत. तिथल्या घरांना दारं नाहीत हे बघून तुम्ही म्हणालात, "मला जमायचं न्हाई बाई. दुपारी झोपलं तर मानूस आत यिऊन बसंल."

प्रत्येक ठिकाणी आपण दोन वेगळे पदार्थ मागवायचो आणि अर्धं झालं की ताटं बदलायचो. पहिल्यांदा तुम्ही तुमचं उष्टं ताट माझ्यापुढे सरकवलंत तेव्हा मी थबकले. माहेरीही मी कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि ताट परत ओढू लागलात. मी ते धरलं. आणि खाल्लं.

तुम्ही वाढणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारायचात. मग शेती आहे का, आई आहे का, कधी जाणार. मला लाज वाटायची. "वन्सं, त्यांना कामं असतात." "काम तर असतंयच. गाव इचारल्यावर मानसाचा हात जरा सैल सुटतोय." आणि खरंच आमटी जास्त यायची.

कोर्टाजवळच्या त्या थाळीवर तुम्ही मध्येच हात थांबवलात. मला वाटलं, भाजीत खडा लागला. तुम्ही म्हणालात, "मंगल, तो हुता तवर आपुन दोघी कंदी शेजारी बसून जेवलोच न्हाई."

मी आठवून बघितलं. सणाच्या पंक्ती, लग्नं, बारशी. मी वाढत असायचे. तुम्ही मागच्या दारी भांड्यांपाशी. नाहीतर तुम्ही जेवून उठलेल्या आणि मी बसणारी. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तो मधे होता आणि आपण दोघी त्यालाच वाढत होतो.

"न्हाई ना?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हटलं.

"मग आता बस निवांत. भात घे."

आपलं एकच भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मारवाडी भोजनालयात मेथीची भाजी आली आणि मी सहज म्हटलं, ह्यांना मेथी फार आवडायची. तुम्ही घास खाली ठेवलात.

"कुनाला? अशोकला? त्याला मेथीचा वासबी चालत न्हवता."

"अहो, आठवड्यातून दोनदा करायचे मी. कधी ताटात टाकली नाही त्यांनी."

"ताटात टाकायला त्यो काय लाडाचा हुता? फडावर आईनं रोज मेथीच घातली हुती त्याला. एकदा उलटी केली तवापासून न्हाई."

"तेव्हा लहान होते. नंतर आवडायला लागली असेल."

"मी मोठा केलाय त्याला."

"आणि मी संसार केलाय त्यांच्याबरोबर."

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. त्या दिवशी आपण बसस्टॉपपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. पुढे दर थोड्या दिवसांनी तो विषय निघायचाच. तुम्ही म्हणायचात, तुला वाईट वाटू नये म्हणून खात असंल. मी म्हणायचे, इतकी वर्षं कुणी असं खाईल का? तुम्ही म्हणायचात, खाईल, तसाच हुता त्यो. आता हे सांगायला दोघांपैकी कुणीच उरलं नाही. कधीकधी मला वाटतं, तुमचं बरोबर असावं. ते मनात आलं की मी हातातलं काम सोडून बसते. इतक्या वर्षांची मेथी, न बोलता. पण मला तुमच्याकडून हरायचं नव्हतं, आणि 'तो मला पुरता ठाऊक होता' हे तुम्हाला सोडायचं नव्हतं. म्हणून ते भांडण आपण जपून ठेवलं असावं.

भिंगारमध्ये गॅरेजच्या मागे अम्मिणीची मेस आहे. केळीच्या पानावर जाड लाल भात, सांबार, ताकाची पिवळी कढी. स्टोअरमधल्या नायरबाईंच्या डब्यातली चव तुम्हाला तिथे गरम सापडली, म्हणून तिथे आपण नियम मोडून पुन्हा पुन्हा गेलो. तिथेच मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही पापड बाजूला सारलात. मग भाताचा लहान घास केलात, त्याहून लहान केलात, आणि प्रत्येक घासावर पाणी प्यायलात.

"काय होतंय?"

"अडकतंय जरा. वारा धरला असंल."

वारा नव्हता. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी आत आले तर तुम्ही म्हणालात, "जास्त सांगू नको. गिळायला यील का न्हाई तेवढं सांग." मी म्हटलं, येईल, उपचार घेतले तर. काही महिने आलंही.

त्या महिन्यांत मी तुम्हाला घरी राहायला या म्हणून किती विनवलं. सावेडीत दोन खोल्या रिकाम्या होत्या, मुलगी नाशिकला. तुम्ही म्हणायचात, मला माझं दार हाय. शेवटी आलात ते माझ्या म्हणण्यामुळे नाही, तुमच्या घराचा जिना चढवेना म्हणून आलात. एक पिशवी, एक उशी आणि अशोकचा शाळेतला फोटो.

आणि तरी शनिवार सोडला नाहीत. मार्थाबाईंकडे जायचो. चर्चच्या मागच्या गल्लीत त्या घरीच जेवण घालतात, भाकरी, शेंगोळे, ठेचा. त्यांनी एकदा तुमच्याकडे बघितलं, आत गेल्या आणि हुलग्याचं माडगं करून आणलं. पातळ, गाळून घेतलेलं, गुळाचं. तुम्ही वाटी तोंडाला लावलीत, डोळे मिटून हळूहळू प्यायलात.

"मार्था, कुनी शिकिवलं गं हे?"

"आमच्या आजीनं. धर्म बदलला, हुलगं कुठं बदललं?"

तुम्ही हसलात आणि ठसका लागला. आम्ही दोघी तुमची पाठ चोळत राहिलो आणि तुम्ही हातानेच सांगत होतात, थांबा, बरं हाय, हसू द्या.

मग नाकातून नळी घातली. पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं मी पिचकारीने हळूहळू सोडायचे. शनिवारी शाळेतून आले तर तुम्ही खाटेवर लुगडं बदलून बसलेल्या. "चल."

"कुठे, वन्सं?"

"कुटंबी. तू जेव, मी बघते."

"मला नाही जमणार. तुमच्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

"का? माझं न्हाई उतरत म्हनून तुझंबी न्हाई? दोघींनी उपाशी ऱ्हायचं?"

"लोक बघतील तुमच्या नळीकडे."

ते मी म्हणायला नको होतं. तुम्ही पदर सारखा केलात. आवाज आधीच बसलेला होता, तरी तुम्ही बोललात. "मंगल, मी तुला खायाला न्हेत न्हवते गं. खायाला घरी मिळतं. चार मानसांत तुला बसवायला न्हेत हुते. आता मला बसवत न्हाई, तर तू एकटी जा. जा आन् जिवून ये. आन् मला सांग."

"मी नाही जाणार."

"मग मी काय भिताड बघत बसू?" आणि तुम्ही कुशीवर वळलात.

मी शेजारच्या काकूंना तुमच्यापाशी बसवलं आणि गेले. रागानेच गेले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, बस माळीवाड्याला थांबली तिथे उतरले आणि समोर दिसली त्या खानावळीत शिरले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी टेबलाशी बसले. हात कुठे ठेवावे कळेना. वाढपी आला, पिठलं-भाकरी सांगितली. रडू आवरत जेवले. काय जेवले ते धड आठवेना.

घरी आले तर तुम्ही उठून बसलेल्या.

"काय खाल्लं?"

"पिठलं-भाकरी."

"पातळ का घट्ट?"

"मध्यम."

"मध्यम म्हंजी? फोडनीत लसूण हुता का?"

"होता बहुतेक."

"बहुतेक!" तुमचे डोळे मोठे झाले. "लसूण तांबडा झालेला का कच्चा? मिरची वाटून का चिरून? अगं, नीट खात जा. मला हितनं दिसत न्हाई."

पुढच्या शनिवारी मी नीट खाल्लं. तुमच्यासाठी खाल्लं. आमटीत काळा मसाला होता की गोडा, भाताला वाफ कशी होती, वाढप्याची बायको माहेरी गेली होती, समोरच्या म्हाताऱ्याने ताकात भाकरी कुस्करली तेव्हा त्याची मिशी कशी भिजली. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मधेच गिळल्यासारखं व्हायचं तुमच्या गळ्याशी. मी थांबले की बोट हलवायचात, पुढं. वाढप्याचं गाव विचारायला मी विसरले तर चिडायचात. मग मी विचारायला लागले. मी, जी लाजून खाली बघायची.

शेवटच्या शनिवारी अम्मिणीकडे जाऊन आले. तुम्हाला ग्लानी होती. तरी मी खाटेशी बसून सगळं सांगितलं, केळीचं पान कसं ओलं होतं, कढीत कढीपत्ता किती, आणि अम्मिणीने तुमच्यासाठी काय निरोप दिला. तुमचा हात माझ्या हातात होता. तुम्ही ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. मंगळवारी सकाळी मी पेज गाळत असताना तुम्ही गेलात.

मला तुम्हाला एक सांगायचं होतं आणि रोज वाटायचं, उद्या सांगू. इतकी वर्षं माझ्याकडे नवरा होता, मुलगी होती, शाळा होती, पण मैत्रीण नव्हती. पन्नाशीला मला मैत्रीण मिळाली आणि तिला मी वन्सं म्हणत राहिले. एकदा तरी शालन म्हणून हाक मारायला हवी होती. तुम्ही बघितलं असतंत माझ्याकडे, भुवया वर करून. पण ओ दिली असतीत.

तुमच्यानंतरचे शनिवार मी घरातच काढले. मुलगी फोनवर म्हणते, आई, नाशिकला ये. बघू म्हणते. आज शाळेतून निघाले आणि घरच्या बसऐवजी नागापूरच्या बसमध्ये चढले. तिथे एमआयडीसीच्या फाटकाजवळ बिहारकडचा एक माणूस लिट्टी-चोखा विकतो असं शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं होतं. आपण दोघी तिथे कधी गेलो नव्हतो. ताडपत्रीखाली बाकडी, शिफ्ट सुटलेले कामगार, बाई एकही नाही. मी गेल्यावर त्यांनी सरकून जागा दिली.

निखाऱ्यावर कणकेचे गोळे भाजत होते, आत सत्तूचं, भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट सारण. त्याने एक गोळा फडक्यात धरून फोडला, तुपात बुडवला, भाजलेल्या वांग्या-टोमॅटोचं भरीत शेजारी वाढलं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, हे तर आपलं पानगंच की, नाव तेवढं दुसरं. मग मी नाही म्हटलं असतं, आणि भांडण.

त्याने विचारलं, "कैसा है, दीदी?"

एरवी मी नुसती मान हलवली असती. आज माझं तोंड सुरू झालं ते थांबेना. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला सगळं सांगितलं. वांगं नीट भाजलंय पण टोमॅटो अजून कच्चा आहे, मोहरीचं तेल नाकात जातंय पण नंतर छान वाटतं, सारणात ओवा आहे ना, लिंबू जरा कमी हवं होतं, कडा खरपूस झाल्यात त्या सगळ्यात चांगल्या. तो चिमटा हातात धरून ऐकत उभा राहिला. शेजारचे कामगारही जेवायचे थांबून ऐकत होते. एक जण म्हणाला, "मॅडम सही बोल रही हैं, टमाटर कच्चा है." सगळे हसले, तोही हसला आणि टोमॅटो पुन्हा निखाऱ्यावर टाकला. सिवान जिल्ह्यातला आहे तो. आई आहे. छठपूजेला गावी जाणार आहे.

बसमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं, घरी नेऊन सांगायचं ते सगळं तिथेच सांगून झालं. तुमच्या वाटणीचं मी दुसऱ्या कुणाला देऊन आले, असं वाटलं. नागापूरपासून सावेडीपर्यंत तेच मनात होतं. मग घरी येऊन हे लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता कळतंय की तुमच्यासाठीही पुष्कळ शिल्लक आहे.

लिट्टी दोन खाल्ल्या, वन्सं. दुसरी मीच मागून घेतली. पोटभर जेवले.